दुखणाऱ्या अंगाची ओळख : दीर्घकालीन वेदनेत शरीरभानाचे मूल्यमापन

मराठीतील 'वेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. 'विद्या', 'संवेदना' आणि 'वेदना' ही एकाच घरची भावंडे होत. दुखणे म्हणजे आपल्या शरीराविषयी काहीतरी कळणे, हा अर्थ आपल्या भाषेने फार पूर्वीपासून धरून ठेवला आहे. परंतु जे दुखणे महिनोन्महिने टिकते, त्यात एक विलक्षण विसंगती आढळते. रुग्णाला त्या अंगाखेरीज दुसरे काही सुचत नाही, आणि तरीही ते अंग नेमके कुठून कुठपर्यंत आहे, केवढे आहे, कसे हलते, हे त्याला नीट सांगता येत नाही. वेदना वाढत जाते आणि जाणीव मात्र पुसट होत जाते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना ही विसंगती मी लहान मुलांत वारंवार पाहिली आहे. मोठ्यांच्या कंबरदुखीवर पुष्कळ लिहिले जाते. मुलांच्या दीर्घकालीन वेदनेकडे मात्र अजूनही 'शाळा चुकवण्याचे निमित्त' म्हणून पाहिले जाते. म्हणून स्मरणिकेच्या या लेखात, वेदनाग्रस्त व्यक्तीच्या शरीरभानाचे मूल्यमापन साध्या दवाखान्यात कसे करावे, त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, याचा विचार करण्याचे योजिले आहे. लेख डॉक्टर बंधुभगिनींसाठी आहे, तसाच घरात असे मूल किंवा असे आजी-आजोबा असलेल्या वाचकांसाठीही आहे.

शरीरभान म्हणजे काय?

'देहभान' हा शब्द आपल्याकडे बहुधा ते हरपल्यावरच वापरला जातो, म्हणून येथे 'शरीरभान' असा शब्द योजतो. त्याचे तीन पदर आहेत. पहिला, आपले हातपाय अवकाशात कुठे आहेत हे न पाहता कळणे. दुसरा, शरीराच्या आतील घडामोडी म्हणजे भूक, तहान, हृदयाची धडधड, शौचाची भावना ओळखता येणे. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या दोन प्रकारच्या संवेदनांना वेगवेगळी नावे दिली. आज आपण त्यांना प्रोप्रिओसेप्शन आणि इंटरोसेप्शन म्हणतो. तिसरा पदर म्हणजे हे अंग 'माझे' आहे ही आपलेपणाची भावना.

मेंदूत शरीराचा एक सतत बदलणारा आराखडा असतो, ही कल्पना हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स यांनी १९११ मध्ये मांडली. पुढे १९३७ मध्ये वाइल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युत्-उत्तेजना देऊन कोणत्या भागात कोणत्या अवयवाची संवेदना उमटते याची नोंद केली. त्यातून तो सुप्रसिद्ध विद्रूप बाहुला तयार झाला : ओठ आणि बोटे अवाढव्य, पाठ मात्र चिंचोळी. ज्या अंगाचा वापर बारीक कामासाठी होतो त्याला मेंदूत अधिक जागा मिळते.

हा नकाशा दगडात कोरलेला नाही, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. तापमापकात पारा जसा आपोआप चढतो, तशी वेदना शरीरातून मेंदूत नुसती चढत नाही. मिळालेले संदेश, पूर्वानुभव, भीती आणि हा नकाशा यांच्या मेळातून ती घडते. हात किंवा पाय कापला गेल्यावरही त्या जागी वेदना जाणवत राहते, हे अमेरिकेच्या यादवी युद्धातील सैनिकांवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेल यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले होते. अंग नाही, पण त्याचा नकाशा आहे आणि तो दुखतो आहे. दीर्घकालीन वेदनेत याच्या उलट प्रकार घडू शकतो : अंग शाबूत आहे, पण नकाशा धूसर झाला आहे.

संशोधन काय सांगते?

हर्टा फ्लोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांत पाठीच्या संवेदनेचे मेंदूतील क्षेत्र सरकलेले आढळते, आणि दुखणे जितके जुने तितका हा बदल अधिक असतो. लोरिमर मोझली यांनी २००८ मध्ये कंबरदुखीच्या मोजक्या रुग्णांना, हात न लावता केवळ आतून जाणवेल तशी, आपल्या पाठीची बाह्यरेषा काढायला सांगितली. दुखऱ्या भागाशी आल्यावर रुग्णांना ती रेषा सापडेना; कण्याचे मणके दुखऱ्या बाजूकडे सरकल्यासारखे काढले गेले. त्याच भागात दोन टोकांचा स्पर्श वेगळा ओळखण्याची क्षमताही घटलेली होती. कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम या विकारात तर रुग्ण स्वतःच्या हातापायाला 'तो पाय', 'ती वस्तू' असे परकेपणाने संबोधतात; अवयव प्रत्यक्षापेक्षा मोठा किंवा जड वाटतो.

जागतिक वेदना संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपांत असे म्हटले आहे की वेदना ही नेहमी व्यक्तिगत अनुभूती असते, माणूस ती संकल्पना आयुष्यातील अनुभवांतून शिकतो, आणि 'मला दुखते' या सांगण्याचा मान राखला पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. दुसऱ्या कशाचे लक्षण म्हणून नव्हे, तर वेदना हाच विकार, ही भूमिका त्यामागे आहे.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न नवा नाही. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांनी नोरा नाइश यांच्यासह १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, नित्यक्रम अडेल इतकी पोटदुखी दहांपैकी सुमारे एका मुलात होती, आणि फारच थोड्यांत शारीरिक रोग सापडला. बेंबीपासून दुखणे जितके दूर, तितकी शारीरिक कारणाची शक्यता अधिक, हा त्यांचा आडाखा आजही विद्यार्थ्यांना शिकवला जातो. या आडाख्यातही 'कुठे दुखते ते दाखव' या साध्या शरीरभानाच्या प्रश्नाचेच महत्त्व आहे.

आधी धोक्याची लक्षणे पाहावीत

शरीरभानाकडे वळण्यापूर्वी गंभीर आजार वगळणे हे आपले पहिले कर्तव्य. वजन घटणे, उंची वाढायची थांबणे, टिकून राहिलेला ताप, दुखण्याने झोपेतून वारंवार उठणे, हिरवी उलटी, शौचातून रक्त, सांध्याला सूज किंवा सकाळचा ताठरपणा, एकाच ठिकाणचे हाडाचे दुखणे, लंगडणे, पायांतील शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तपासण्या तातडीने कराव्यात. मुलाच्या पाठदुखीत मणक्याचा क्षयरोग आणि हाडांच्या दुखण्यात रक्ताचा कर्करोग विसरू नये. वडोदऱ्याच्या आसपासच्या आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्या मुलांत सिकल सेलचा विचार मनात हवा. मोठ्या मुलाशी काही वेळ एकट्याने बोलावे. शाळेतील छळ किंवा लैंगिक अत्याचार ही दुखण्यामागची कारणे असू शकतात, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. पोटाच्या सोनोग्राफीत लहान लसिकाग्रंथी दिसणे हे निरोगी मुलांतही आढळते. त्या अहवालाच्या आधारे क्षयरोगाची औषधे सुरू झालेली मुले मी पाहिली आहेत. प्रत्येक नव्या तपासणीगणिक 'आत काहीतरी मोठे आहे' ही भीती मुलाच्या मनात पक्की होत जाते. म्हणून तपासणी एकदाच, विचारपूर्वक करावी आणि तिचा निकाल मुलाला समजेल अशा भाषेत सांगावा.

मूल्यमापनाच्या सहा पायऱ्या

पुढील पायऱ्यांना महागडे साधन लागत नाही. पुरेसा वेळ, एक कागद, पेन्सिल, कापूस आणि मोजपट्टी एवढ्यावर काम भागते.

पहिली पायरी : भाषा. 'दहापैकी किती दुखते?' हा प्रश्न आवश्यक आहे. चार वर्षांवरील मुलांसाठी २००१ ची सुधारित सहा चेहऱ्यांची पट्टी त्याकरिता चांगली. पण त्यातून फक्त 'किती' कळते, 'कसे' कळत नाही. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेच्या इंग्रजी विशेषणांची प्रश्नावली तयार केली. आपली मराठी या बाबतीत कमी श्रीमंत नाही. ठणका, कळ, सणक, चमक, उसण, ठसठस, रग, मुरडा, जळजळ, भगभग, मुंग्या : प्रत्येक शब्दाची चाल वेगळी. मुरडा येऊन जातो, रग श्रमानंतर भरते, उसण हालचालीबरोबर भरते, मुंग्या आणि भगभग मज्जातंतूंकडे बोट दाखवतात. यावरून निदान ठरत नाही, पण विचाराला दिशा मिळते.

आपल्या गावात याला आणखी एक पैलू आहे. वडोदऱ्यातील मराठी घरातले मूल आजीशी मराठीत, मित्रांशी गुजरातीत आणि शाळेत बहुधा इंग्रजीत बोलते. दवाखान्यात आई-वडील त्याला डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायला लावतात आणि मग सगळ्या दुखण्यांचे एकच 'पेन' होऊन बसते. तेच मूल आजीला 'पोटात कालवतंय' असे सांगते आणि मित्राला 'पायाला खाली चडली' म्हणते. मुंग्यांसाठी गुजरातीत हाच शब्द आहे, हे ज्या डॉक्टरला ठाऊक नाही त्याला या वाक्याचा उलगडा होणार नाही. म्हणून मी मुलाला विचारतो, 'घरी आजीला कसं सांगतोस?' उत्तर ज्या भाषेत येईल त्याच भाषेत नोंदवून ठेवतो.

दुसरी पायरी : चित्र. मुलाला स्वतःचे चित्र काढायला सांगावे आणि दुखते ती जागा रंगवायला सांगावी. मोठ्या मुलाला व प्रौढाला दुखरा भाग डोळे मिटून, आतून जसा जाणवतो तसा मनात आणून, मग काढायला सांगावे. कुठला भाग गाळला, कुठला फुगवला, कुठे रेषा अडखळली हे पाहावे. माणसाच्या चित्रावरून मुलाचा बौद्धिक विकास जोखण्याची चाचणी फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये आणली. भारतीय मुलांसाठी तिचे मापन आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातील डॉ. प्रमिला फाटक यांनी तयार केले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. त्या चाचणीचा हेतू वेगळा आहे. परंतु वयानुसार चित्रात कोणते अवयव यावेत याचे भान तिने दिले, आणि ते नसेल तर पाच वर्षांच्या मुलाने मान काढली नाही याचा आपण भलताच अर्थ लावू.

तिसरी पायरी : स्पर्श. डोळे मिटून, कापसाने स्पर्श केलेली जागा रुग्णाला चित्रावर दाखवायला सांगावी. पायाच्या कुठल्या बोटाला हात लावला हे विचारावे. पाठीवर किंवा तळव्यावर बोटाने आकडा अथवा आकार काढून तो ओळखायला सांगावा. मुलांना हा खेळच वाटतो. मोठ्यांमध्ये दोन टोकांची चाचणी घ्यावी. एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये ती वर्णिली. बोटाच्या टोकावर दोन ते चार मिलिमीटर अंतरही वेगळे कळते, पाठीवर मात्र साधारण चार सेंटीमीटर वा अधिक अंतर लागते. एकाच व्यक्तीत दुखरी बाजू आणि निरोगी बाजू यांची तुलना हीच अधिक विश्वासार्ह. प्रत्येक स्पर्शापूर्वी परवानगी घ्यावी, आणि वयात येणाऱ्या मुलीच्या तपासणीवेळी आई किंवा परिचारिका उपस्थित असावी.

चौथी पायरी : सांधे आणि डावे-उजवे. डोळे मिटलेल्या रुग्णाच्या पायाचा अंगठा वर-खाली हलवून दिशा विचारावी. एका पायावर उभे राहायला सांगावे. सांधे अतिलवचिक असलेल्या मुलांत, म्हणजे बायटन मापनात नऊपैकी बरेच गुण मिळवणाऱ्यांत, पायदुखी व ठेचकाळणे वारंवार दिसते; त्यांना सांध्याच्या स्थितीची जाणीव कमी असू शकते. पुढे हातांची व पायांची वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली छायाचित्रे दाखवून डावे की उजवे हे विचारावे. दुखऱ्या बाजूचे चित्र ओळखायला अधिक वेळ लागणे किंवा चुका होणे हे त्या अंगाचा आराखडा धूसर झाल्याचे चिन्ह मानले जाते. सात-आठ वर्षांच्या आत डावे-उजवेच पक्के नसते, म्हणून ही चाचणी लहान मुलांत घेऊ नये.

पाचवी पायरी : आतील जाणीव. रायनर शांड्री यांनी १९८१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत रुग्णाने नाडीला हात न लावता ठरावीक सेकंदांतील हृदयाचे ठोके मोजायचे असतात आणि प्रत्यक्ष ठोक्यांशी त्याची तुलना करायची असते. तिच्यावर आक्षेप असा की माणूस जाणवलेल्या ठोक्यांऐवजी अंदाजाने आकडा सांगू शकतो. म्हणून मुलांना मी साधे प्रश्न विचारतो. भूक लागली हे तुला कुठे कळते? भीती वाटली की अंगात काय होते? शौचाला लागले हे कसे कळते? मग एक मिनिट जागच्या जागी उड्या मारायला लावतो आणि अंगात काय बदलले ते विचारतो. काही मुले श्वास, धडधड, घाम, गरम कान असे सगळे सांगतात. काही मुले एवढेच सांगतात, 'काही नाही, पोट दुखलं.' हे उत्तर मोलाचे आहे. शरीरातील प्रत्येक खळबळीसाठी त्या मुलाकडे एकच शब्द उरला आहे.

सहावी पायरी : प्रश्नावल्या. कंबरदुखीच्या प्रौढांसाठी ऑस्ट्रेलियातील बेनेडिक्ट वाँड यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली फ्रीमँटल प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण छत्तीस गुण. पाठ शरीराचा भाग वाटते का, ती हलवायला मुद्दाम लक्ष द्यावे लागते का, तिचा आकार बदलल्यासारखा वाटतो का, असा त्यातील प्रश्नांचा रोख आहे. अंतर्गत जाणिवेसाठी वुल्फ मेलिंग यांची २०१२ ची बत्तीस प्रश्नांची आणि २०१८ मध्ये सदतीस प्रश्नांपर्यंत वाढवलेली प्रश्नावली वापरली जाते. तिचे आठ विभाग असून तिचा एक मोठा धडा आहे : शरीराची जाणीव होणे आणि शरीराची धास्ती घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तोंडी भाषांतर करून विचारलेल्या प्रश्नांचे गुण मात्र परदेशी आकड्यांशी जुळवू नयेत. संवादाची सुरुवात म्हणून ते प्रश्न उपयोगी पडतात.

दोन उदाहरणे

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून दोन उदाहरणे देतो. बारा वर्षांची एक मुलगी घोटा मुरगळल्यानंतर चार महिने पाय टेकत नव्हती. क्ष-किरण व एमआरआय निर्दोष होते. पाय थंड, किंचित निळसर. पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नव्हता. घरी 'नाटक करते' असा निष्कर्ष निघालेला होता. डोळे मिटून काढलेल्या चित्रात तिने त्या पायाला बोटेच काढली नाहीत. कुठल्या बोटाला स्पर्श केला हे तिला ओळखता येत नव्हते, आणि बोलताना ती 'तो पाय' असे म्हणत होती. तीन गोष्टी एकत्र आल्यावर विकाराचे स्वरूप आई-वडिलांना समजावणे सोपे झाले. चित्र पाहून वडील म्हणाले, 'म्हणजे हिला खरंच असं वाटतं?' माझ्या मते उपचाराची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली. पुढे फिजिओथेरपिस्टच्या मदतीने पायाकडे पाहणे, कापूस, मऊ टॉवेल, वाळू असे क्रमाने स्पर्श, डाव्या-उजव्याचे सराव, आरशासमोर हालचाल आणि पहिल्या आठवड्यापासूनच अर्धा दिवस शाळा, असा क्रम ठेवला. मुलांत या विकाराचा मार्ग प्रौढांपेक्षा बरेचदा चांगला असतो. काही महिन्यांत ती चालू लागली. त्यानंतरच्या चित्रात पाचही बोटे होती.

दुसरा नऊ वर्षांचा मुलगा. सहा महिने बेंबीभोवती दुखणे, शाळेची गैरहजेरी, दोनदा सोनोग्राफी, जंतांचे औषध चारदा. त्याला विचारले, शौचाला लागले हे कसे कळते? त्याला ते कळतच नव्हते. शाळेतील स्वच्छतागृह घाण म्हणून तो दिवसभर शौच आवरून धरी. मोठे आतडे दीर्घकाळ भरलेले राहिले की गुदाशय सैलावतो आणि भरल्याची जाणीव बोथट होते. मग दुखणे कळते, पण कशामुळे ते कळत नाही. आतडे रिकामे करणारे औषध, नंतर काही महिने शौच मऊ ठेवणारे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, जेवणानंतर पाच-दहा मिनिटे पाय टेकवून निवांत बसणे, आणि शिक्षकांशी एक संभाषण, एवढ्याने काम झाले. हळूहळू 'दुखतंय' या एका शब्दाचे भूक, शौच आणि परीक्षेची भीती असे तीन वेगळे शब्द झाले.

मर्यादा

या मूल्यमापनाचा अतिरेकी अर्थ लावू नये. धूसर शरीरभान आणि दीर्घ वेदना एकत्र आढळतात हे खरे. पण कोण कारण आणि कोण परिणाम हे दरवेळी सांगता येत नाही. दुखरे अंग वापरात नसल्यानेही नकाशा पुसट होऊ शकतो. स्पर्शाचे किंवा डाव्या-उजव्याचे सराव सर्वांना सारखेच उपयोगी पडतात असे नाही. थकवा, लक्ष विचलित होणे, वय आणि शिक्षण यांचा प्रत्येक चाचणीवर परिणाम होतो. शरीरभान सदोष आढळले म्हणजे 'दुखणे मानसिक आहे' असे सिद्ध होत नाही, आणि ते निर्दोष आढळले म्हणजे रुग्ण खोटे बोलतो असेही सिद्ध होत नाही. खरे-खोटे पकडण्यासाठी या चाचण्या वापरणे म्हणजे त्यांचा दुरुपयोग होय.

दुसरे असे की लक्ष देण्याचा सल्ला सर्वांना सारखा देता येत नाही. शवासन, योगनिद्रा किंवा अंगभर लक्ष फिरवण्याचा सराव काहींना शांत करतो. पण जे मूल आधीच दिवसभर पोटावर पहारा देत बसले आहे, त्याला आणखी आत पाहायला सांगणे उलटू शकते. अशा मुलाचे लक्ष बाहेर, हालचालीत आणि खेळात गुंतवावे. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या नगरीत मल्लखांब, लेझीम, पोहणे यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तोल, पकड आणि श्वास यांतून शरीर नव्याने ओळखीचे होते, आणि तेही दुखण्याचा विषय न काढता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या बालवेदनाविषयक मार्गदर्शिकेनेही शारीरिक, मानसिक आणि औषधी उपाय यांचा मुलागणिक मेळ घालण्यावरच भर दिला आहे.

फेरतपासणी चार ते सहा आठवड्यांनी त्याच पद्धतीने करावी. केवळ वेदनेचे गुण न मोजता शाळेचे दिवस, झोप, जिने चढणे, खेळणे यांचीही नोंद ठेवावी. बहुधा हे आधी सुधारते आणि दुखणे मागाहून कमी होते. हा क्रम पालकांना आधीच सांगितला तर ते मध्येच धीर सोडत नाहीत.

पालकांशी थोडेसे

'काही झालेलं नाही, उगाच करतोस' असे मुलाला म्हणू नये. त्याचप्रमाणे दर तासाला 'आता कसं वाटतंय?' असेही विचारू नये. पहिल्याने मूल एकटे पडते, दुसऱ्याने दुखणे घराच्या मध्यभागी येऊन बसते. 'दुखतंय हे मला पटतं, आणि आपण हळूहळू शाळेत जायचंच आहे' ही दोन्ही वाक्ये एकत्र म्हणावीत. घरात अंगातल्या गोष्टींचे शब्द वापरावेत. भूक लागली, रग आली, छातीत धडधडलं, पोटात गोळा आला, हे आजी-आजोबा सहज बोलतात. तो शब्दसाठा नातवंडांपर्यंत पोहोचणे ही भाषेचीच नव्हे, आरोग्याचीही गरज आहे. आजी-आजोबांच्या गुडघेदुखीलाही हेच लागू. 'वय झालं' एवढ्यावर विषय संपवण्याऐवजी कुठे, कसे आणि काय करताना दुखते हे विचारणारे कोणी असावे.

व्यवसायबंधूंना एक विनंती करतो. तीन महिन्यांहून अधिक काळ दुखणारा पुढचा रुग्ण येईल, तेव्हा नवी तपासणी लिहिण्यापूर्वी एक कागद आणि पेन्सिल त्याच्या हाती द्यावी, त्याच्या घरच्या भाषेतील शब्द केसपेपरवर जसाच्या तसा लिहावा, आणि दुखऱ्या अंगाला परवानगीने, सावकाश हात लावून पाहावे. एवढे जरी आपल्या नित्याच्या कामात रुजले, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे मी मानीन.